पुराण मागणारा माणूस

वाचकहो, या व्याख्यानाचा आरंभ एका प्रश्नाने करतो. प्रश्न माझा नाही. तो चारशे वर्षांहून जुना आहे. साष्टी महालातल्या एका इगर्जीत (गोव्यात ख्रिस्ती देवळाला इगर्ज म्हणतात) एका रविवारी धर्मशिकवण आटोपली होती. श्रोत्यांतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठला आणि पाद्रीगुरूंना म्हणाला, आपण शिकवता ते उत्तमच आहे. पण आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांला का देत नाही? फावल्या वेळी वाचायला, ऐकायला माणसाला काही हवे की नको?

शब्द माझे आहेत, आशय फादर थॉमस स्टीफन्स यांचा. आपल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. तो असाच घडला, की श्रोत्याने विचारावे आणि वक्त्याने सांगावे ही आपल्या पुराणग्रंथांची रीत पाळण्यासाठी कवीने तो रचला, याचा निकाल आता कोण लावणार? मला तो प्रश्न खरा वाटतो, कारण तो विचारणारा माणूस ओळखीचा वाटतो. त्याचे ज्ञानस्नान झाले आहे, नाव बदलले आहे, नवा देव त्याने स्वीकारला आहे. तरी संध्याकाळी समईपाशी बसल्यावर त्याला काहीतरी उणे वाटते. समाजात त्याची नोंद झाली, पण त्याला तिथे अजून घरच्यासारखे वाटत नाही. ज्यांनी त्याची जुनी पुराणे काढून घेतली, त्यांच्याकडेच तो नवे पुराण मागतो आहे.

आज कॅथॉलिक जगात ‘सर्वांना सामावून घेणारी ख्रिस्तसभा’ हे शब्द वारंवार ऐकू येतात. गोव्याच्या इतिहासावर हे शब्द घासून पाहावेत, एवढाच माझा हेतू. आपण बडोद्याचे असू, इंदूरचे, बेळगावचे किंवा म्हापशाचे. पिढ्यान्‌पिढ्या एका ठिकाणी राहूनही ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्याला चुकलेला नाही. त्यामुळे हा विषय आपल्याला परका वाटू नये.

आधी काळ डोळ्यांसमोर आणू. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली, साष्टी आणि बारदेश १५४३ मध्ये. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. त्याच सुमारास देव रातोरात खाडी ओलांडू लागले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. जे देवाबरोबर गेले ते हिंदू राहिले. जे शेतभाताबरोबर मागे राहिले ते बहुतेक ख्रिस्ती झाले. एकाच घरातले दोन भाऊ दोन वाटांनी गेल्याच्या कथा साष्टीत आजही सांगतात. यात भक्ती किती, भीती किती आणि जमिनीची ओढ किती, हे तराजूत घालून सांगता येणार नाही, आणि जे ठामपणे सांगतात त्यांच्याविषयी मला शंका येते.

१५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले. त्यांत अकबराच्या दरबारात राहून आलेले रोदोल्फो आक्वाविवाही होते. त्यांचे मृतदेह मिळवून दफनाची व्यवस्था करणाऱ्यांत स्टीफन्स होते. पुढे कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तिथे त्यांची कत्तल झाली. दोन्ही बाजूंचे मृत्यू त्याच मातीतले आहेत. चर्चने आपल्या पाच जणांना पुढे धन्य म्हणून घोषित केले. गावकऱ्यांचे स्मारक व्हायला मात्र चारशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

अशा मुलखात स्टीफन्स चाळीस वर्षे राहिले. ते मूळचे इंग्लंडमधल्या विल्टशायरचे. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथॉलिक माणसाला उघडपणे आपला धर्म पाळणे कठीण झाले होते, म्हणून ते देश सोडून रोमला गेले आणि तिथून १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. स्वतःच्या गावात ज्याला श्रद्धेपायी जागा उरली नव्हती, तो माणूस दुसऱ्यांच्या गावात, त्यांच्या श्रद्धेला जागा न ठेवणाऱ्या राज्यसत्तेच्या आश्रयाने येऊन राहिला. ही विसंगती त्यांना जाणवली असेल का? त्यांनी तसे कुठे लिहिलेले मला ठाऊक नाही. त्यांनी केले ते एवढेच, की त्या नवख्रिस्त्याचा प्रश्न मनावर घेतला.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. पहिल्या भागात जगाच्या उत्पत्तीपासूनच्या बायबलातल्या जुन्या कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र; सारे मिळून जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेतच ऐकल्या आहेत, म्हणून त्या इथे देत नाही. आपण बहुतेकांनी त्या ग्रंथातले तेवढेच वाचले आहे, हेही कबूल करायला हवे. पुढे वाचले तर दिसते की स्टीफन्सनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे. मुक्ती हा शब्द त्यांना चालतो, गुरू आणि स्वामी हे शब्द चालतात. गोव्याच्या बोलीतले शब्द मराठीत सहज मिसळतात. कोकणीचे व्याकरण त्यांनीच लिहिले आणि कोकणीतली धर्मशिक्षणाची पुस्तिकाही त्यांचीच. ही दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. पण पुराण मात्र मराठीत, कारण पुराण ऐकायची गोव्याच्या कानांना सवय होती ती मराठीत. धर्माची प्रश्नोत्तरे घरच्या बोलीत आणि पुराण पुराणाच्या भाषेत, हा विवेक त्यांना गावाने शिकवला असणार.

लिपीच्या बाबतीत मात्र त्यांचे चालले नाही. १६०८ मध्ये त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून, या देशाच्या भाषेत आणि याच देशाच्या अक्षरांत पुस्तके छापलेली पाहण्याची आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे कळवले. अडचण खिळ्यांची होती. आपली जोडाक्षरे धरली तर शेकडो साचे पाडावे लागणार. अखेर मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उरलेली नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून घेतल्यामुळे. रविवारी आणि सणांच्या दिवशी इगर्जीत त्याचे पठण होई, आणि काही ओव्या विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत गायल्या जात. उलट बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगालमधल्या ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातल्या कथांची रोमन लिपीतली गोव्याची जुनी हस्तलिखिते आहेत. ज्यांच्या राजवटीत मूळ पोथ्या जळल्या, त्यांच्याच पाद्रींनी अभ्यासासाठी उतरवून घेतलेल्या या नकला टिकून राहिल्या.

आता त्या पुराण मागणाऱ्या माणसाच्या मुलानातवंडांकडे वळू. त्यांना पुराण मिळाले. पुढे काय?

इगर्ज गावात आली तेव्हा गाव इगर्जीत शिरला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गावकरी, वांगड, मानपान, पहिली पानसुपारी कोणाची, पालखीला खांदा कोणाचा, हे सगळे आत आले. ‘कोंफ्रारिया’ म्हणजे इगर्जीचे बंधुमंडळ. सणाचा खर्च, मिरवणूक, मयताची व्यवस्था त्याच्याकडे. अनेक गावांत ही मंडळे जातवार होती: बामणांचे एक, चाड्ड्यांचे एक, शूद्रांचे वेगळे. खांद्यावरच्या वस्त्राचा रंग पाहून माणसाची जात कळे; वरच्यांचे लाल, खालच्यांचे निळे. एकाच प्रभूच्या भोजनाला बसणारे लोक मिरवणुकीत मात्र रंगांनी वेगळे. काही गावांत सणाच्या हक्कावरून उठलेले वाद गेल्या शंभर वर्षांत कोर्टापर्यंत पोहोचले. आपल्या घरांतला अनुभव काही निराळा आहे असे नाही, तेव्हा आपण नाक मुरडू नये. पण ज्या धर्माने सर्व समान म्हणून हाक घातली, त्याच्या अंगणात हे घडले, हे झाकूनही ठेवू नये.

आणि जो वर्ग गावात वरचा, तोही गोऱ्यांच्या पंगतीत खालचाच. दिवाडी बेटावरच्या मातेउश द कास्त्रूंना पाद्री व्हायचे होते. गोव्याच्या आर्चबिशपांनी ब्राह्मणाला दीक्षा द्यायचे नाकारले. हा तरुण खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला, तिथे शिकला, पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप झाला. लॅटिन परंपरेतले ते पहिले भारतीय बिशप. परत आले तर पोर्तुगीज अधिकारी त्यांचा अधिकार मानायला तयार नव्हते. मग ते आदिलशाही मुलखात, डिचोलीला राहिले. १६५३ मध्ये त्यांनी गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना चेतवणारे एक जळजळीत पत्र लिहिले. ते ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाने ओळखले जाते. त्यांचा स्वभाव तापट होता आणि राजकारणात त्यांनी पुष्कळ उलट्यासुलट्या चाली केल्या. तरी माणूस दुखावला होता तो पाखंडामुळे नव्हे. ज्या घरात शिरायला सांगितले त्याच घराच्या आतल्या खोलीला कडी लावलेली पाहून तो दुखावला होता. १६७७ मध्ये ते रोममध्ये वारले.

याच दुखण्यावर दुसरे उत्तर शोधले ते जुझे वाझ यांनी. जन्म १६५१, आजोळी बाणावलीला, घर सांकवाळचे. १६७६ मध्ये ते पाद्री झाले, पण युरोपीय धर्मसंघांत देशी माणसाला प्रवेश नव्हता. जुन्या गोव्यात मिलाग्रीशच्या टेकडीवर काही देशी पाद्री एकत्र राहून प्रार्थना करू लागले होते. वाझ त्यांचे प्रमुख झाले, आणि त्या मेळ्याला १६८० च्या दशकात ‘ओरेटरी’ या नावाने रीतसर संघाचे रूप आले. ज्यांना कुठल्याच संघाने घेतले नाही त्यांचा हा स्वतःचा संघ.

वाचकहो, इथे थोडे थांबावेसे वाटते. नाकारलेला माणूस स्वतःचे घर बांधतो तेव्हा त्या घरात काय करायचे, हा प्रश्न उरतोच. नुसता राग धरून घर चालत नाही. वाझांनी पाहिले की समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात डचांनी कॅथॉलिक पाद्रींना बंदी केली आहे, इगर्जी बंद आहेत, आणि तिथले ख्रिस्ती वर्षानुवर्षे पाद्रीविना आहेत. १६८७ मध्ये ते मजुराच्या वेशात, सोबत एक सेवक घेऊन, जाफन्याला उतरले. प्रकृती बिघडलेली होती, जवळ काही नव्हते, डचांच्या नजरेस पडू नये म्हणून दारोदार भीक मागत त्यांनी गळ्यातल्या माळेवरून ख्रिस्ती कोण ते ओळखले. रात्री घराघरांत मिस्सा होई, पहाटेपूर्वी पाद्री निघून जाई. कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात शिरले तेव्हा हेर म्हणून त्यांना धरले गेले. पुढे त्याच राजाने, दुसऱ्या विमलधर्मसूर्याने, त्यांना मोकळीक दिली. १६९७ च्या सुमारास कँडीत देवीची साथ आली. लोक आपल्याच आजाऱ्यांना रानात सोडून पळू लागले, तेव्हा वाझ आणि त्यांचे भाचे धर्म न विचारता त्यांची शुश्रूषा करीत राहिले, मेलेल्यांना पुरत राहिले. गोव्याहून ओरेटरीचे आणखी पाद्री येत गेले. त्यांतले दिवाडीचे जाकोम गोन्साल्व्हिश सिंहली आणि तामिळ शिकले आणि त्यांनी सिंहली ख्रिस्ती साहित्याचा पाया घातला. लक्षात घ्या, स्टीफन्सनी आपल्यासाठी जे केले तेच या गोंयकाराने दुसऱ्यांसाठी केले. वाझ १७११ मध्ये कँडीत वारले. सिंहलद्वीपात पाऊल ठेवल्यानंतर त्यांनी गोवा पुन्हा पाहिला नाही. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोला त्यांना संत म्हणून घोषित केले.

इथवर ऐकून मन भरून येते, पण इतिहास आपल्याला तेवढ्यावर सोडत नाही. गोऱ्यांनी नाकारलेल्यांच्या या ओरेटरीत प्रवेश होता तो ब्राह्मण पाद्रींनाच. चाड्डी पाद्रींनी आपली वेगळी सोय चिंबलच्या कार्मेलाइटांकडे केली. बाहेर उभे राहण्याचे दुःख ज्यांना ठाऊक, त्यांनीही आपल्या दाराला कडी लावली. वाझांचे संतपण याने कमी होत नाही. ओरेटरीची कथा सांगताना हे वाक्य मात्र गाळू नये, इतकेच.

भाषेचीही तीच गत. स्टीफन्सना जाऊन पासष्ट वर्षे झाली नाहीत तोच १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. १७४५ मध्ये आर्चबिशपांनी आज्ञा केली की पोर्तुगीज येत नसेल तर लग्न लागणार नाही. लग्ने लागतच राहिली आणि बायका जात्यावर आपल्याच भाषेत गात राहिल्या. फर्माने दप्तरात राहिली. पण शिकलेला ख्रिस्ती वर्ग आपल्या भाषेची लाज बाळगायला शिकला, आणि ती लाज उतरायला दोन शतके लागली. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटोंच्या घरात शिजलेल्या बंडामागेही हाच सल होता: लायक देशी पाद्रींना वरच्या जागा मिळत नाहीत. बंड फुटण्यापूर्वीच पकडले गेले आणि पंधरा जणांना देहदंड झाला.

मग दार उघडले केव्हा? तारखाच पाहायच्या तर, १९६२ ते १९६५ या काळात झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनऐवजी कोकणीत होऊ लागली, आणि १९७८ मध्ये राऊल गोन्साल्व्हिश हे गोव्याचे आर्चबिशप झाले. त्या आसनावर बसलेले ते पहिले गोमंतकीय. गोव्याचे धर्मप्रांत सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. हिशेब आपणच करावा. त्यांच्यानंतरचे फिलिप नेरी फेर्रांव २०२२ मध्ये कार्डिनल झाले.

पण तारखांच्या आधीपासून, कोणाची परवानगी न विचारता, एक दार उघडेच होते. म्हापशाच्या मिलाग्रीश सायबिणीच्या फेस्ताला ईस्टरनंतरच्या त्या सोमवारी जाऊन पाहा. तेलाची बाटली हातात घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हे कपाळावरच्या कुंकवावरून मोजावे लागते. लोक सांगतात, सायबीण ही शिरगावच्या लइराईची बहीण. सात बहिणींपैकी ही एक ख्रिस्ती झाली. म्हणून लइराईकडून तिला मोगऱ्याची फुले येतात आणि तिच्याकडून देवीला तेल जाते. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. शिगम्याच्या दिवसांत ती वर्षातून एकदा आपल्या जुन्या गावी येते, तेव्हा बारा वांगडांच्या बारा छत्र्या निघतात, आणि त्या वांगडांतले ख्रिस्ती भाऊही त्यात असतात. १५८३ साली जिथे रक्त सांडले, त्याच गावात. खुर्सासमोर लदीन म्हणून झाली की उकडलेले चणे शेजारच्या हिंदू घरीही जातात. आजही गोव्यात हिंदू असो की ख्रिस्ती, आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. कुठला देव, हे कोणी विचारत नाही. धर्मशास्त्राच्या पंडितांना यात घोटाळा दिसेल, आणि दोन्ही बाजूंच्या कडव्यांना अलीकडे तो जास्तच दिसू लागला आहे. मला यात एकाच घरातून दोन वाटांनी गेलेल्या त्या दोन भावांची आठवण दिसते.

मराठीपुरते बोलायचे तर वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एका पाद्रीची निवड झाली म्हणून काहींनी विरोधही केला. ज्या भाषेत ‘क्रिस्तपुराण’ आहे त्या भाषेच्या संमेलनात हा वाद निघावा, याचा खुलासा आपण मराठी लोकांनीच करायचा आहे.

त्या पुराणाचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबे दुष्काळाला, करांना, लढायांना आणि धर्मन्यायालयाला कंटाळून दक्षिणेकडे गेली आणि मंगळुरूच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली, जशी आपली घराणी आपापल्या ठिकाणी झाली. त्या घरांत हाताने उतरवलेली ‘क्रिस्तपुराणे’ होती. भोवतालची भाषा कन्नड आणि तुळू, घरात कोकणी, आणि पेटीत ही मराठी पोथी, रोमन अक्षरांत. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरूला ग्रंथ पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. काही वर्षांनी जस्टिन अॅबट यांना लंडनमध्ये मार्सडन संग्रहात एक देवनागरी हस्तलिखित सापडले. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ‘क्रिस्तपुराण’ देवनागरीत छापून आणले. ‘या देशाच्या अक्षरांत’ छापलेले पुस्तक पाहण्याची इच्छा राशोलच्या त्या पाद्रीने रोमला कळवली, त्याला तेव्हा ३४८ वर्षे झाली होती.